महाधमनीची आणीबाणी आणि हातचे गेलेले नऊ तास

हृदयाच्या डाव्या कप्प्यातून निघणारी, छातीत वर चढून मानेच्या पायथ्याशी कमानीसारखी वळणारी आणि पाठीच्या कण्याला लागून बेंबीच्या पातळीपर्यंत उतरल्यावर दोन्ही पायांकडे दुभागणारी महाधमनी ही शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी होय. मेंदू, हात, यकृत, आतडी, मूत्रपिंडे, मज्जारज्जू आणि पाय या सर्वांकडे जाणारे रक्त तिच्याच शाखांतून जात असल्यामुळे तिच्यातील बिघाड एका जागेपुरता राहत नाही, आणि ही साधी वस्तुस्थिती नजरेआड झाली की उत्तम हातांनी केलेली शस्त्रक्रियाही रुग्णाला अर्धवटच वाचवते, असे प्रस्तुत लेखकाचे अनुभवांती बनलेले ठाम मत आहे.

महाधमनीच्या आणीबाणीचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात वाहिनीची भिंत वर्षानुवर्षे फुगत जाऊन, म्हणजे तिचा 'अ‍ॅन्युरिझम' होऊन, एके दिवशी फुटते. पोटातील महाधमनीचा व्यास साधारण २ सेंटिमीटर असतो, तो ३ सेंटिमीटरला पोहोचला की फुगा मानला जातो आणि पुरुषांत ५.५ सेंटिमीटर झाला की फुटण्याची वाट न पाहता शस्त्रक्रिया सुचवली जाते. दुसऱ्या प्रकाराला 'डिसेक्शन' म्हणतात. यात भिंतीच्या तीन थरांपैकी सर्वांत आतल्या थराला चीर पडते, रक्त त्या चिरेतून मधल्या थरात घुसते आणि ओल शिरलेल्या भिंतीचा गिलावा फुगून सुटत जावा तसा आतला थर वीतवीतभर, कधी थेट जांघेपर्यंत सुटत जातो. परिणामी एकाच वाहिनीत मूळची 'खरी' नळी आणि नव्याने तयार झालेली 'खोटी' नळी अशा दोन नळ्या शेजारीशेजारी वाहू लागतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातून १९७० मध्ये मांडल्या गेलेल्या वर्गीकरणानुसार हृदयालगतचा, वर चढणारा भाग बाधित असेल तर तो 'टाइप ए' आणि तो भाग निर्धोक असेल तर 'टाइप बी'. टाइप ए मध्ये उपचार न झाल्यास पहिल्या दोन दिवसांत दर तासाला मृत्यूचा धोका १ ते २ टक्क्यांनी वाढतो असे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या ४६४ रुग्णांच्या अहवालात टाइप ए च्या शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी २६ टक्के, तर शस्त्रक्रियेविना राहिलेल्यांपैकी ५८ टक्के रुग्णालयातच दगावले होते.

उपचाराच्या वाटाही दोन. उघड्या शस्त्रक्रियेत छाती किंवा पोट उघडून बिघडलेला भाग कापून काढतात आणि तेथे डॅक्रॉन या विणलेल्या कृत्रिम कापडाची नळी शिवतात. कमानीचे काम असेल तर हृदय-फुप्फुस यंत्रावर शरीर थंड करून रक्ताभिसरण काही मिनिटे पूर्ण थांबवावे लागते, आणि हे तंत्र कमानीच्या शस्त्रक्रियेत रूढ करण्याचे श्रेय रँडल ग्रीप यांच्या १९७५ मधील कामाला दिले जाते. दुसऱ्या वाटेत जांघेतील धमनीतून बारीक नळी आत सरकवून, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत, धातूच्या जाळीवर कापड चढवलेला 'स्टेंट ग्राफ्ट' वाहिनीच्या आत उघडतात. खार्किव्ह येथे निकोलाय वोलोदोस यांनी १९८७ मध्ये छातीतील महाधमनीसाठी आणि ब्वेनोस आयरेस येथे हुआन पारोदी यांनी १९९० मध्ये पोटातील महाधमनीसाठी ही वाट खुली केली. दोन्ही वाटा जेथे मिळतात त्या उपचाराला 'हायब्रिड', म्हणजे संमिश्र, असे नाव आहे. त्याचे बीज हान्स बोर्स्ट यांनी हॅनोव्हर येथे १९८३ मध्ये वर्णन केलेल्या युक्तीत दिसते: कमान बदलताना कृत्रिम नळीचे टोक पुढच्या महाधमनीत हत्तीच्या सोंडेसारखे मोकळे लोंबत ठेवायचे, म्हणजे दुसऱ्या टप्प्यात त्याला जोडणी करणे सोपे जाते. १९९० च्या दशकात जपानी शल्यविशारदांनी त्या लोंबत्या टोकाला स्टेंटचा ताठपणा दिला आणि पुढे हॅनोव्हरमधूनच त्याला 'फ्रोझन एलिफंट ट्रंक', म्हणजे ताठ झालेली सोंड, हे नाव मिळाले. मेंदूकडे आणि हाताकडे जाणाऱ्या शाखांना आधी मानेतून पर्यायी वाट करून देऊन मग कमानीत स्टेंट ग्राफ्ट उघडणे हा हायब्रिडचा दुसरा प्रकार. तिसरा प्रकार सर्वांत कमी चर्चिला जातो: हृदयालगतचा भाग उघड्या शस्त्रक्रियेने दुरुस्त करायचा आणि आतडी, मूत्रपिंड किंवा पाय यांचा तुटलेला रक्तपुरवठा त्याच बैठकीत, किंवा त्याच्या लगेच आधी वा नंतर, आतून स्टेंट घालून परत आणायचा. प्रस्तुत लेखनाचा रोख या तिसऱ्या प्रकारावर आहे.

डिसेक्शनमध्ये शाखांचा रक्तपुरवठा दोन रीतींनी तुटतो आणि त्यांतील फरक प्रत्येक डॉक्टरने, तसेच जमेल त्या प्रत्येक नातेवाइकाने, समजून घ्यावा असा आहे. कधी सुटलेला थर पडद्यासारखा हलून शाखेच्या तोंडावर येतो. वरची चीर दुरुस्त होऊन रक्त खऱ्या नळीतून जोराने वाहू लागले की असा पडदा बहुधा बाजूला होतो आणि शाखा आपोआप मोकळी होते. कधी मात्र थर शाखेच्या आतच सुटत जातो, तेथे रक्त साकळते आणि शाखा आतून बुजते. हा अडथळा स्थिर असल्यामुळे वरचे काम कितीही चोख झाले तरी तो तसाच राहतो आणि त्याला स्वतंत्रपणे उघडावे लागते. पहिले काम कोणते, हृदयाजवळचे की आतड्याचे, यावर जगभर प्रामाणिक मतभेद आहेत. बहुतेक केंद्रे आधी हृदयालगतची चीर दुरुस्त करतात, तर अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या चमूने आतड्याचा रक्तपुरवठा तुटलेल्या रुग्णांत आधी आतून वाट मोकळी करून, रुग्ण सावरल्यावर उघडी शस्त्रक्रिया करण्याचा पुरस्कार केला आहे. क्रम कोणताही असो, दुसरे काम कोणी तरी करायचे आहे याविषयी मात्र कोठेही मतभेद नाही. एका मोठ्या रुग्णालयात, एका रात्री, नेमके तेच विसरले गेले.

प्रस्तुत लेखक तालुक्याच्या गावी २८ वर्षे फिजिशियन म्हणून व्यवसाय करीत असून या घटनेतील रुग्ण त्याचे थोरले बंधू होत. वय ६१, जुना रक्तदाब, आणि बरे वाटते म्हणून दीड महिन्यापासून बंद केलेल्या गोळ्या. पहाटे साडेपाचच्या सुमारास त्यांना दोन खांद्यांच्या मधोमध, कोणीतरी पाठ फाडावी अशी कळ आली, ती काही मिनिटांत कमरेकडे उतरली आणि उजव्या पायाला मुंग्या आल्या. जवळच्या नर्सिंग होममध्ये ईसीजीत किंचित बदल दिसताच हृदयविकाराचा झटका असे निदान झाले आणि लोडिंग डोस, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्यांची एकदम द्यायची मोठी मात्रा, तोंडात घालण्यात आली. लेखक पोहोचला तेव्हा रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सिरिंजमध्ये भरून ट्रेवर ठेवलेले होते. रक्तदाब उजव्या हाताचा १७४ नोंदवलेला होता. डावा हात कोणी पाहिलाच नव्हता. डाव्या मनगटाची नाडी उजवीच्या मानाने स्पष्टपणे कमजोर होती, डाव्या हाताचा दाब १३० भरला आणि उजव्या पावलाची नाडी इतकी क्षीण होती की ती आपल्याच बोटाची तर नव्हे, असा संशय यावा. ते इंजेक्शन गेले असते तर पुढचे काही लिहिण्याचा प्रसंग आला नसता. दोन्ही हातांच्या रक्तदाबात २० अंकांहून अधिक फरक, पाठीत अचानक उठलेली आणि जागा बदलणारी कळ, आणि एखादी गायब झालेली नाडी या तीन गोष्टी तपासण्यास दोन मिनिटे पुरतात. छातीत दुखणाऱ्या प्रत्येक रुग्णाला ती दोन मिनिटे दिल्याशिवाय लोडिंग डोस देऊ नये, हे येथे निक्षून सांगणे आवश्यक आहे.

जिल्ह्याच्या ठिकाणी साडेआठ वाजता सीटी अँजिओग्राफी झाली. अहवालाच्या पहिल्या पानावर टाइप ए डिसेक्शन होते. दुसऱ्या पानाच्या तळाशी, छोट्या टायपात, आतड्याच्या मुख्य धमनीत आणि उजव्या पायाकडे जाणाऱ्या धमनीत सुटलेला थर शिरला असल्याची नोंद होती. रुग्णवाहिकेतून पुण्यास नेताना वेदनाशामक इंजेक्शन आणि नाडीचा वेग ६० च्या आसपास व वरचा रक्तदाब १०० ते १२० च्या दरम्यान ठेवणारे औषध चालू होते. हा प्रवास नीट पार पडला आणि त्याबद्दल त्या रुग्णवाहिकेतील तरुण डॉक्टरचे ऋण मान्य केले पाहिजे. दुपारी तीनला छाती उघडली गेली. लोडिंग डोसमुळे रक्तस्राव आवरेना, प्लेटलेट्सच्या पिशव्या मागवाव्या लागल्या, तरीही रात्री नऊ वाजता शल्यविशारद बाहेर आले आणि शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचे त्यांनी सांगितले. त्यांनी शिवलेली नळी आजही निर्दोष आहे, हे नमूद करणे न्यायाचे ठरेल, कारण लेखकाची तक्रार त्यांच्या हातांविषयी नाही. दुसऱ्या पानाचे काय, या प्रश्नावर मात्र त्यांनी रक्त आता पुढे वाहील, ते आपोआप सुधारते, एवढेच उत्तर दिले आणि ते निघून गेले.

साडेदहाच्या सुमारास लेखकाला आयसीयूत दोन मिनिटे सोडण्यात आले. चादरीखाली हात घालून उजवे पाऊल धरले तेव्हा ते थंड होते. थंडीत बाहेर राहिलेल्या पायासारखे नव्हे, तर घोट्याच्या वर चार बोटांपर्यंत एका रेषेत थंड आणि त्या रेषेच्या वर उबदार. अंगठा दाबून सोडला तर पांढरा पडलेला ठसा पांढराच राहत होता. सकाळी क्षीण का होईना लागणारी नाडी आता लागत नव्हती. त्या क्षणी लेखकाच्या डोळ्यांसमोर अहवालाचे दुसरे पान जसेच्या तसे उभे राहिले, कारण पायाकडे जाणारी वाट बुजली असेल तर तिच्या शेजारच्या ओळीत लिहिलेली आतड्याची वाटही बुजलेली असण्याचा संभव होता, आणि आतडे चादर उचलून हाताने पाहता येत नाही. रक्तातील लॅक्टेट, म्हणजे ऊतींना प्राणवायू कमी पडला की साठणारे आम्ल, दहा वाजता ४.१ होते, निरोगी माणसात ते २ च्या खाली असते. ड्यूटीवरील निवासी डॉक्टरांनी दाब टिकवण्याच्या औषधांमुळे पाय थंड लागतो आणि हृदय-फुप्फुस यंत्रानंतर लॅक्टेट थोडे वाढतेच, असे सांगितले. दोन्ही विधाने पुस्तकात आहेत आणि म्हणूनच ती धोक्याची होती: दाब टिकवणारी औषधे दोन्ही पाय सारखेच थंड करतात, आणि यंत्राचे लॅक्टेट तासागणिक उतरते, चढत नाही. डावे पाऊल कोमट होते. हे दाखवून देण्याचा प्रयत्न केल्यावर फोनवरून वरिष्ठांचा निरोप आला, की हृदयाचे काम झाले आहे, पायाचे उद्या पाहू. दोन वाजता लॅक्टेट ६.८ झाले, पोट फुगू लागले. लेखकाने आतून स्टेंट घालणाऱ्या विभागाला, म्हणजे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीला, त्याच रात्री बोलवावे अशी विनंती केली, तेव्हा मिळालेले उत्तर शब्दशः असे होते: "डॉक्टर, आज तुम्ही नातेवाईक आहात. नातेवाइकासारखे बाहेर बसा." लेखक बाहेर बसला. त्या बाकावर शेजारी वहिनी जपमाळ घेऊन बसल्या होत्या आणि दर अर्ध्या तासाने, भावजी, सगळे ठीक आहे ना, असे विचारत होत्या. त्यांना होकार दिला गेला. त्या होकाराचे शल्य आजही कमी झालेले नाही.

सकाळी सहा वाजता लॅक्टेट ९.४ झाले आणि शौचावाटे रक्त गेले. सव्वासातला रेडिओलॉजिस्ट आले. ते त्याच आवारात, दोन मजले खाली काम करीत होते, आणि आदल्या दिवशी असा रुग्ण आला आहे हे त्यांना कोणी कळवलेले नव्हते. त्यांनी सीटीच्या चित्रांवरून एकदा नजर फिरवली आणि ही दुपारीच दाखवायला हवी होती, एवढे एकच वाक्य उच्चारले. त्यानंतरही नवी संमतिपत्रे आणि बिलिंग काउंटरवर नवी अनामत यांत जवळपास तास गेला. कॅथलॅबमध्ये मात्र दीड तासात आतड्याच्या आणि पायाच्या धमनीत स्टेंट बसून दोन्ही वाटा मोकळ्या झाल्या. दीड तासाचे काम रात्रभर थांबले होते. पुढचे सर्व त्या थांबण्याची किंमत होती. रक्त परतल्यावर पोटरी सुजून ताठ झाली, तेव्हा आतील दाब उतरवण्यासाठी तिच्यावर दोन्ही बाजूंनी लांब छेद द्यावे लागले. पोट उघडून सुमारे ७० सेंटिमीटर काळे पडलेले लहान आतडे काढावे लागले. मृत स्नायूंतून रक्तात उतरलेल्या द्रव्यांनी मूत्रपिंडे बंद पडून ११ दिवस डायलिसिस करावे लागले. आणि चौथ्या दिवशी गुडघ्याखाली पाय कापावा लागला. पाय गेला तरी माणूस वाचला हे बघा, असे त्या दिवशी सांगण्यात आले. माणूस वाचला याची कृतज्ञता आहेच, परंतु पायाचा हिशेब तिने फिटत नाही.

डिस्चार्ज कार्डावर पायाचा उल्लेख 'या आजारातील ज्ञात गुंतागुंत' असा एका ओळीत झाला आणि त्यात एकही वेळ दिलेली नव्हती. वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने कागदपत्रे मागितल्यास ती ७२ तासांत देणे बंधनकारक आहे. त्या नियमाचा हवाला देऊन लेखी अर्ज केल्यावर सर्व केसपेपर हाती आले. त्यात परिचारिकांचा तासातासाचा तक्ता होता आणि रात्री १०.१५ च्या रकान्यात, गोल, शाळकरी अक्षरात, उजव्या पावलाची नाडी लागत नाही, डॉक्टरांना कळवले, असे लिहिलेले होते. त्याखाली ११.१५, १२.१५, १.१५ असे करीत सकाळपर्यंत प्रत्येक रकान्यात तेच वाक्य नेटाने पुन्हा पुन्हा लिहिलेले होते आणि डॉक्टरांच्या सहीचा रकाना साडेसहापर्यंत कोरा होता. ज्या परिचारिकेने ते लिहिले तिने आपले काम पूर्ण केले होते. रुग्णालयाला पाठवलेल्या सविस्तर पत्राला सूचनांची नोंद घेतली असल्याचे दोन ओळींचे उत्तर आले. तो तक्ता पत्रासोबत जोडलेला असूनही त्याविषयी उत्तरात अक्षर नव्हते.

या अनुभवातून निघणारी पहिली सूचना शस्त्रक्रियेआधीच्या संभाषणाविषयी आहे. उघडी करणार की स्टेंट टाकणार, असे नातेवाईक विचारतात, आणि तो प्रश्न चुकीचा नसला तरी अपुरा आहे. महाधमनीच्या आणीबाणीत विचारायचे ते हे, की सीटीत कोणकोणत्या शाखा बाधित दिसतात, हृदयालगतचे काम झाल्यावर त्या शाखा उघडल्या की नाही हे कोण पाहणार, किती वाजता पाहणार, आणि उघडल्या नसतील तर आतून उपचार करणारी व्यक्ती आज रात्री या इमारतीत आहे की घरून येणार आहे. वेळ आणि व्यक्ती या दोन गोष्टी नावानिशी सांगितल्या गेल्या पाहिजेत. 'टीम बघेल' या उत्तरावर समाधान मानू नये. शस्त्रक्रियेचे टेबल आणि अँजिओग्राफीचे यंत्र एकाच खोलीत असलेली हायब्रिड ओटी असेल तर छाती बंद करण्यापूर्वीच अँजिओग्राम काढून पोटातील व पायातील शाखा तपासता येतात आणि तेथल्या तेथे स्टेंट घालता येतो. परंतु ती खोली असूनही दोन विभागांचे बोलणे नसेल तर ती केवळ महागडी खोली राहते, आणि खोली नसतानाही दोन विभागप्रमुखांनी दुपारी पाच मिनिटे एकत्र बसून सीटी पाहिली तर पाय वाचू शकतो. लॅक्टेट किती आहे यापेक्षा ते मागच्या वेळेपेक्षा चढले की उतरले हे विचारावे. पावलाची नाडी अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या हाडांच्या मधल्या खाचेतून वर सरकत गेल्यास सापडते. ती शस्त्रक्रियेपूर्वी जेथे लागते तेथे बॉलपेनने फुली करून ठेवण्यास सांगावे, म्हणजे नंतर रात्रपाळीच्या नव्या माणसाला शोधाशोध करावी लागत नाही, आणि बोटाला लागत नसेल तर हातातल्या डॉपलर यंत्राने ऐकता येते. उजवे आणि डावे नेहमी एकत्र पाहावे. दोन्ही पाय थंड असतील तर औषधांचे कारण पटण्यासारखे आहे. एकच पाय थंड असेल तर ते कारण कोणी पुढे करू नये आणि कोणी स्वीकारूही नये.

सीटी काढताना ती केवळ छातीची न काढता मानेपासून जांघेपर्यंत काढली गेली पाहिजे, आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम दाखवणारा रक्तातील आकडा, वाढलेले आहे म्हणून सीटीसाठी शिरेतून द्यायचा डाय टाळण्याची सबब या आजारात लागू होत नाही, कारण निदान हुकले तर मूत्रपिंडांसह सर्वच जाते. चित्रांची सीडी सोबत न्यावी. शिवाय संगणकाच्या पडद्यावर चित्रे वरून खाली सरकवत मोबाइलवर केलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पुढच्या रुग्णालयाला आधीच पाठवला तर तेथील ओटी तयार ठेवता येते. लोडिंग डोस आधीच दिला गेला असेल तर ही गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगावी, जेणेकरून प्लेटलेट्सची आणि दात्यांची सोय छाती उघडण्यापूर्वी होईल. नातेवाइकांनी धीर सोडू नये, रक्तदाबाच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत, तंबाखू सोडावी, हेही ओघाने आलेच.

नातेवाइकाच्या बोलण्याला या आजाराच्या इतिहासात स्थान आहे. महाधमनीच्या शस्त्रक्रियेचे अग्रणी मायकेल डिबेकी यांना स्वतःलाच ३१ डिसेंबर २००५ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी, डिसेक्शन झाले. ह्यूस्टन येथे त्यांच्यावर शस्त्रक्रिया करावी की नाही यावर नीतीविषयक समितीत खल चालू असताना त्यांच्या पत्नीने बैठकीत शिरून शस्त्रक्रियेचा आग्रह धरला, ती फेब्रुवारी २००६ मध्ये झाली आणि ते २००८ च्या जुलैपर्यंत जगले. त्या बैठकीत त्या पत्नीलाही बाहेर बसा असे म्हणता आले असते.

पोटातील फुगा फुटलेल्या रुग्णांची कथा थोडी वेगळी असून येथे तिचा उल्लेख पुरेसा आहे. मुख्यतः ब्रिटनमधील ६१३ रुग्णांच्या एका चाचणीत, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, स्टेंट ग्राफ्टचे धोरण आणि उघडी शस्त्रक्रिया यांतील ३० दिवसांचा मृत्युदर अनुक्रमे ३५.४ आणि ३७.४ टक्के, म्हणजे जवळपास सारखाच निघाला. तेथेही संमिश्र उपचाराला जागा आहे: जांघेतून बाहेरून फुगवता येणारा बलून वर नेऊन फुटलेल्या जागेच्या वरच्या बाजूला महाधमनी तात्पुरती बंद करायची आणि रक्तस्राव थांबल्यावर शांतपणे पोट उघडायचे किंवा स्टेंट ग्राफ्ट बसवायचा, आणि स्टेंट यशस्वी झाल्यावरही पोटात साठलेल्या रक्ताचा दाब मूत्रपिंडे दाबू लागला तर पोट उघडून तो मोकळा करायचा. स्टेंटवाले गेले आणि पोटवाल्यांना कोणी बोलावले नाही, अशी उलट चूक येथे होऊ शकते.

पैशांविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने स्टेंटच्या किमतींवर जी कमाल मर्यादा घातली ती हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील स्टेंटपुरती होती. महाधमनीचा स्टेंट ग्राफ्ट ही निराळी आणि कित्येक लाखांची वस्तू आहे, त्यामुळे स्टेंट म्हणजे तीस हजार, या समजुतीने काउंटरवर उभ्या राहिलेल्या कुटुंबाला मध्यरात्री धक्का बसतो. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्या रुग्णालयातील नेमका कोणता उपचार बसतो, हे योजनेच्या आरोग्यमित्राला दाखल होतानाच विचारावे. संमतिपत्राबाबतही तसेच: सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या समीरा कोहली प्रकरणात एका उपचाराची संमती दुसऱ्या उपचाराला आपोआप लागू होत नाही असे स्पष्ट केले आहे, म्हणून उघडी शस्त्रक्रिया, शाखांत स्टेंट घालणे आणि गरज पडल्यास पोट किंवा पोटरी उघडणे या सर्वांचा उल्लेख असलेली संमती दुपारीच देऊन ठेवावी. वहिनींनी त्या दुपारी सात कागदांवर सह्या केल्या होत्या; सातांपैकी एकातही आतून स्टेंट घालण्याचा उल्लेख नव्हता, आणि आठव्या व नवव्या सहीसाठी सकाळी त्यांना शोधत माणूस कँटीनपर्यंत गेला.

टाइप ए ची दुरुस्ती झाली तरी खालच्या भागातील खोटी नळी बहुतेक रुग्णांत उरते आणि काहींत ती वर्षानुवर्षे फुगत जाते, म्हणून पहिल्या वर्षात ठरावीक अंतराने आणि पुढे दरवर्षी सीटी करावी लागते. रक्ताच्या जवळच्या नात्यातील सर्वांची महाधमनीही एकदा मोजून घ्यावी. लेखकाची मोजली असता ४.१ सेंटिमीटर निघाली आणि तेव्हापासून रक्तदाबाची वही त्याच्या टेबलावर असते. बंधू आता कृत्रिम पायावर अंगणातल्या पायऱ्या आधाराविना उतरतात. त्यांच्या उतरत्या महाधमनीचा व्यास गेल्या सीटीत ४.८ सेंटिमीटर होता आणि तो वाढल्यास छातीत स्टेंट ग्राफ्ट बसवावा लागणार आहे. त्यासाठी निवडलेले रुग्णालय दुसरे आहे. हृदयशल्यविशारद आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट यांनी सीटी एकत्र पाहून दोघांच्या सहीने लिहिलेली योजना मार्चच्या तपासणीपूर्वी हाती द्यावी, असे तेथे लेखी मागितले गेले आणि त्यांनी ते मान्य केले आहे.